दोन बटणं, एक शेगडी

३ फेब्रुवारी, सोमवार

पातेलं माझं. तीस वर्षं घासलं मी. आणि ते केराच्या डब्यात टाकलं सूनबाईने! मला विचारलं? नाव नको. बूड काळं झालं म्हणे. काळं झालं म्हणून टाकायचं ठरलं तर या घरात किती जण उरतील? काढलं बाहेर. दोन तास घासलं. निघालं नाही. ते वेगळं.

दूध होतं त्यात. यांनी विजेच्या शेगडीवर ठेवलं आणि गॅलरीत जाऊन बसले. घरभर धूर. विचारलं तर म्हणाले, "असेल. माझंच असेल." वर्षभर हेच चाललंय. चष्मा कुठे ठेवला, आठवत नाही. जेवलो का, आठवत नाही. मला मात्र ओळखतात. तेवढं विसरले असते तर मलाही जरा विसावा मिळाला असता.

संध्याकाळी थोरला समोर येऊन बसला. तो असा गुडघ्यावर हात ठेवून बसला की समजायचं, निर्णय आधीच झालाय, आता फक्त ऐकायचंय. "आई, हे तिसरं भांडं. आणखी एकदा झालं तर बाबांना संस्थेत ठेवायचं. मी चौकशी करून आलोय." सूनबाई दारात उभी. "आम्ही दोघं कामावर. पोरगी दीडला शाळेतून येते. घरात तुम्ही दोघं आणि ती शेगडी. तिकडे बसून मला काम सुचत नाही हो."

तिचं चुकतंय असं नाही. पण बरोबर असलेल्या माणसाचा राग जास्त येतो.

थोरला म्हणाला, कधी काय झालं ते लिहून ठेव, डॉक्टरांना दाखवता येईल. म्हणून नातीची ही जुनी वही. मागची पानं कोरी आहेत. शाळा माझी चौथीपर्यंत. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. जळलेलं थोरल्यासाठी लिहीन. बाकीचं माझं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सूनबाईने तोडगा काढला — शेगडीच काढून टाकू, सकाळी स्वयंपाक करून झाकून जाईन.

नाही म्हटलं. दुपारी चारचा चहा हे करतात. लग्न झाल्यापासून. बाकी कधी इकडची काडी तिकडे केली नाही, पण चारचा चहा यांचा. तो काढून घेतला तर उरलं काय? मांडीवर हात ठेवून बसलेला म्हातारा.

"मग काय, आम्ही रोज जीव मुठीत धरून जायचं?" — सूनबाई.

मी म्हटलं, पंधरा दिवस द्या. तोंडातून निघून गेलं. पंधरा दिवसांत काय करणार, देव जाणे. थोरला म्हणाला, "दिले." एवढ्या पटकन दिले की मला संशयच आला.

५ फेब्रुवारी, बुधवार

सुचलं! कपडे वाळत घालताना सुचलं. शेगडीला कुलूप नको. दुसरं बटण हवं. माझ्या खुर्चीजवळ.

६ फेब्रुवारी, गुरुवार

हे चाळीस वर्षं वायरमन होते. घरोघरी जाऊन दिवे, पंखे, मोटारी. सुरुवातीची आठ-दहा वर्षं शिडी मी धरली. पक्कड दे, टेस्टर दे, मेन बंद कर, चालू कर — शिकले तेवढ्यावरच.

आज पेन्सिल पुढे केली आणि म्हटलं, "अहो, दोघांनी हो म्हटलं तरच शेगडी तापायला हवी. कसं करायचं?" सकाळपासून आजचा वार तीनदा विचारणारा माणूस! पेन्सिल हातात येताच पाठ ताठ. रेघ सरळ. "फेजवर, म्हणजे वीज येते त्या तारेवर, दोन्ही बटणं एकामागे एक. सिरीजमध्ये. न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, सरळ जाऊ दे. एक जरी बंद असलं तरी पुढे काही जात नाही." चित्र काढून दिलं. पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं, पुन्हा काढून दिलं, पुन्हा पहिल्यापासून समजावलं. विसरणाऱ्या मास्तराचा हा फायदा. कंटाळत नाही. पाच वेळा शिकले.

समजायला अवघड काय त्यात? सासू जा म्हणाली आणि सासरेही जा म्हणाले, तरच माहेरी जायचं. एकाने मान हलवली की पिशवी परत खुंटीला. ते सिरीज. कामाला मात्र दोघांपैकी कोणीही हाक मारली की उठायचं. ते पॅरलल. ही दोन्ही सर्किटं मी विशीतच पाठ केली होती, नावं तेवढी माहीत नव्हती. जिन्याच्या दिव्याची दोन बटणं जावांसारखी — एकीने लावलं की दुसरीने काढलं!

यांनी चार ओळी लिहून घ्यायला लावल्या. म्हणाले, बटणं जोडायच्या आधी हे लिहायचं, नंतर भांडण नको.

ओट्यावरचं बंद, माझं बंद — गार.
ओट्यावरचं चालू, माझं बंद — गार.
ओट्यावरचं बंद, माझं चालू — गार.
ओट्यावरचं चालू, माझं चालू — गरम.

चार ओळी. गरम एकच. मला फार आवडल्या. कोणाची बाजू घेत नाहीत.

८ फेब्रुवारी, शनिवार

बटणवाल्याकडे गेले. साधं बटण मागितलं तर म्हणतो, "कशाला हवंय आजी?" म्हटलं, शेगडीला. "मग हे नको. दिव्याचं बटण शेगडीला लावलं तर आधी बटणच शिजेल." जाडजूड बटण दिलं, जाड वायर दिली. मी विचारलं, "आणि यांचं काय बिघडेल?" म्हणजे सर्किटचं. तो घाबरून बघायला लागला. त्याला वाटलं, नवऱ्याचं विचारतेय.

९ फेब्रुवारी, रविवार

आधी दिव्यावर, मग शेगडीवर. हा यांचा नियम. फळीवर दोन बटणं ठोकली, एक होल्डर, एक दिवा. सगळं मी जोडलं. थोरला मागे उभा, "आई, आई" करत. "बाजूला हो, तुझ्या जन्माच्या आधीपासून मी मेन बंद करतेय."

चालवून पाहिलं. चारही ओळी बरोबर! दिवा एकाच ओळीत लागला. मी यांच्याकडे पाहिलं — आता म्हणा काहीतरी. हे उठले. दिवा बंद होता, माझं बटण बंद होतं. खिशातून टेस्टर काढला. (टेस्टर खिशात असतो अजून. रुमाल विसरतात.) होल्डरला लावला. टेस्टर पेटला.

"हे कुणी केलं?"

"का?"

"बटणं न्यूट्रलवर टाकलीत. दिवा विझतो, पण आत फेज तशीच बसलीय. बघणाऱ्याला वाटतं मेलाय. हात लावला की तो जाईल. हे काम करणाऱ्याला घरी पाठव."

"मीच केलं."

"मग तू घरी जा."

थोरला हसला. मी पण हसले असते, पण चूक माझी होती. लाल आणि काळी वायर उलटी धरली मी. चष्मा लावला होता तरी. यांनी काढलेलं चित्र समोर होतं तरी.

सगळं उकलून पुन्हा जोडलं. हे बाजूला बसून प्रत्येक टोकावर बोट ठेवत होते. त्या अर्ध्या तासात यांना कसलाही आजार नव्हता. हे लिहून ठेवते. डॉक्टरांसाठी नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज यांनी विचारलं, ही फळी कसली?

१२ फेब्रुवारी, बुधवार

भिंतीतलं काम थोरल्याने मला करू दिलं नाही. वायरमन आणला. तो चित्र पाहून हसला. "एका शेगडीला दोन बटणं? लग्नाची नोंद आहे का आजी, दोघांच्या सह्या लागायला?" म्हटलं, लग्नाला दोघांना विचारलं असतं तर तू आज इथे आलाच नसतास. पक्कड उचलून कामाला लागला.

मी एक तांबडा दिवाही लावून घेतला. शेगडीत वीज पोचली की तो लागणार. "कुठे लावू?" म्हणाला. माझ्या खुर्चीच्या मागे, वर. स्वयंपाकघरातून दिसेल, दारातून दिसेल, गॅलरीतून दिसेल. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना कळायला हवं.

काम झाल्यावर हे टेस्टर घेऊन आले. शेगडीची टोकं तपासली, दोनदा. वायरमनला म्हणाले, "नीट केलंस. अर्थिंग सैल आहे, घट्ट कर." तो मुकाट्याने परत स्टुलावर चढला. सूनबाई बघत होती.  मग यांच्या पुढ्यात चहाचा कप स्वतः आणून ठेवला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गार. काही जळलं नाही. चारचा चहा झाला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज सापडले! सकाळी अकराला स्वयंपाकघरात खुडबुड. शेगडीवर पातेलं, ओट्यावरचं बटण चालू. माझं बंद. शेगडी बर्फासारखी. दहा मिनिटं उभे होते तिच्यासमोर. मी खुर्चीतून मान वळवून बघत होते. मांजर उंदराकडे बघतं तसं. खोटं कशाला लिहू.

मग म्हणाले, "सप्लाय नाही." भिंतीवर बोट ठेवलं आणि वायरच्या मागे मागे निघाले. स्वयंपाकघरातून पॅसेजमध्ये, पॅसेजमधून माझ्या खुर्चीपर्यंत. बटणापाशी थांबले.

"हे इथे कुणी लावलं?"

"तुम्हीच काढून दिलंत."

"चांगलं केलंय." उभेच राहिले. हात बटणाकडे नेला नाही. "लावतेस का?"

जन्मात या माणसाने मला कशाची परवानगी मागितली नव्हती. मजा वाटली. मग नाही वाटली. लावलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

थोरला म्हणाला, "आई, चाललंय की तुझं सर्किट." सूनबाई म्हणाली, जुनी शेजारीण तिच्या सासूसाठी विचारतेय, कुणी करून देईल का. म्हटलं, सासूसाठी की सुनेसाठी? हसली! चार वर्षांनी हसली माझ्या बोलण्यावर. दिवस मोजले. पंधरातले तीन राहिले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी — थोरला यांना घेऊन डॉक्टरांकडे गेला. स्मरणाची तपासणी आहे. सूनबाई आठलाच गेली. दोघं दहाला निघाले. ते निघाल्यावर दार लावलं, ओट्यावरचं बंद, माझं बंद. शेगडीवर हात ठेवून पाहिला. गार. घरात मी एकटी. गुडघे ठणकतायत. नातीच्या फ्रॉकचं काज करायचंय.

दुपारी — जळलं.

साडेबाराला दोघं परत आले. थोरल्याने दार उघडलं ते ओरडतच — "आई! आई!" मी खुर्चीतच होते. डोळा लागला नव्हता. काज करत होते. घर धुराने भरलेलं आणि मी दोरा ओवतेय! शेगडी लाल. पातेल्यात पाणी होतं म्हणायचं, आता पांढरे डाग. त्याचा प्लॅस्टिकचा कान वितळून ओट्यावर ओघळलेला. वर खुंटीला टांगलेला टॉवेल एका कडेने काळा. आणखी पंधरा मिनिटं, आणि काय झालं असतं ते लिहीत नाही. दीडला नात येते.

थोरल्याने दोन्ही बटणं बंद केली. दोन्ही चालू होती.

मग यांच्याकडे वळला. आवाज चढवला नाही, तेच वाईट. "बाबा, निघताना तुम्ही शेगडी लावलीत?"

हे विचारात पडले. खरंच शोधत होते आत कुठेतरी. "असेल," म्हणाले. "माझंच असेल."

थोरला मला म्हणाला, "आणि तुझं बटण चालू राहून गेलं असेल. होतं आई. तू मनाला लावून घेऊ नकोस."

मी खिडक्या उघडल्या.

चार वाजले. यांनी चहा केला नाही. कोणी करायलाही सांगितलं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

संस्थेत फोन झाला. तिथल्या बाई परवा, शुक्रवारी, अकराला घरी येणार. यांना प्रश्न विचारणार — आज वार कोणता, मुलं किती, शेगडी कशी बंद करतात. मग ठरवणार. थोरल्याने अर्ज आणला. हे म्हणाले, कुठे सही करू? त्याने दाखवलं तिथे केली. सही अजून देखणी आहे.

कालचं पान काढलं आणि वाचत बसले. सकाळची ओळ माझ्याच अक्षरात आहे. ओट्यावरचं बंद, माझं बंद. हात ठेवून पाहिला. गार. हे तेव्हा घराबाहेर पडले होते.

मग त्या चार ओळी वाचल्या. माझं बंद असेल तर ओट्यावरच्या बटणाने काहीही होत नाही. दोन्ही चालू असतील तरच गरम. दोन्ही चालू होती. घरात एकच माणूस होतं.

मी स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. शेकायची रबरी पिशवी ओट्यावर होती. तोंड उघडं, बूच बाजूला. यांचे गुडघे दुखत नाहीत. माझे दुखतात.

पाणी ठेवलेलं आठवत नाही. उठलेलं आठवत नाही. स्वयंपाकघरात जाऊन एक बटण, परत येऊन दुसरं — दोन बटणं दाबली मी, आणि दोन्ही आठवत नाहीत! आठवतं ते काज. पहिला टाका, शेवटचा टाका. मधलं काहीच नाही. भिंतीवर चुना फिरवावा तसं.

आणि तो तांबडा दिवा. सगळ्यांना दिसेल असा लावून घेतला. खुर्चीत बसणाऱ्याच्या डोक्यामागे. मी सोडून सगळ्यांना दिसतो. मला कधी मनातसुद्धा आलं नाही की तो माझ्यासाठीही लागेल.

आधीच्या तीन भांड्यांचं कोण जाणे. आता विचारून उपयोग नाही. यांना आठवत नाही. आणि मी स्वतःला कधी विचारलंच नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कोणाला कळलेलं नाही. वही कोणी वाचत नाही. पान फाडलं तर संपलं. सकाळपासून तीनदा पान धरून बसले. फाडायला एक क्षण लागतो. तसंही हे विसरतातच. त्यांना काय, इथे काय नि तिथे काय — असंही मनात आलं. आलं ते लिहिलं.

दुपारी यांच्यापुढे चित्र ठेवलं. "अहो, दोन्ही बटणं चालू नसतील तर तापेल का?"

"नाही."

"दोघांतलं एक घरात नसेल आणि तरी तापली तर?"

"मग जे घरात आहे त्यानेच दोन्ही लावली." लगेच म्हणाले. शाळेतल्या पाढ्यासारखं.

"मग मंगळवारी कुणी लावली?"

यांनी चित्राकडे पाहिलं. मग माझ्याकडे. बराच वेळ. इतका वेळ या माणसाने मला कधी पाहिलं नव्हतं, लग्नातही नाही.

"माझंच असेल," म्हणाले. पेन्सिल खिशात टाकली आणि गॅलरीत गेले.

कळून म्हणाले की सवयीने, ते मला सांगता येत नाही. मागे जाऊन विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी पुन्हा तेच सांगितलं असतं, आणि मी पुन्हा घेतलं असतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

थोरल्याला आणि सूनबाईला सहाला उठवून समोर बसवलं. वही उघडून पान वाचून दाखवलं, मंगळवारचं, बुधवारचं, सगळं. सूनबाईने वही हातात घेतली, पुन्हा स्वतः वाचली. थोरला "आई, एकदा होतं असं कोणाचंही" म्हणायला लागला. त्याला गप्प केलं. अर्जावरचं यांचं नाव खोडलं आणि वर माझं लिहिलं. कोंबडीचे पाय, पण वाचता येतंय. दोघांना सांगितलं, बाई अकराला येतील. यांना गॅलरीत बसवा, पेन्सिल द्या. वार, मुलं, शेगडी — जे विचारायचं ते मला. उत्तर मी देणार, आणि मध्ये कोणी बोलायचं नाही.